आधी आपली नजर

आमच्या मोहल्ल्यांत कुणाला पत्रे बदलायला किंवा पाण्याची टाकी धुवायला गच्चीवर चढायचं असलं, की तो आधी खालूनच मोठ्यानं ओरडतो, "पर्दा कर लो, छत पे आरे!" मग जरा थांबतो. आजूबाजूच्या अंगणांतल्या बायका आत जातात, ओढणी सावरतात, आणि त्यानंतरच तो शिडीवर पाय ठेवतो. बीड, परभणी, नांदेडचं जुनं शहर, मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या वस्तीत हे ऐकायला मिळतं. हिंदू वाड्यांतली म्हातारी माणसंही चौकात येण्याआधी मुद्दाम खाकरत, ते याच कारणासाठी. ज्याच्या नजरेला नको ते पडण्याची शक्यता आहे, त्यानं आधी कळवायचं. जबाबदारी बघणाऱ्याची.

त्याच मोहल्ल्यांतली काही पोरं आता मोबाइल घेऊन रस्त्यावर उभी असतात. बुरख्यातली एखादी मुलगी एखाद्या मुलासोबत रसवंतीवर, बागेत, एसटी स्टँडच्या बाहेर दिसली, की गाडी आडवी घालायची. नाव विचारायचं, आधार कार्ड मागायचं, मुलगा दुसऱ्या धर्माचा निघाला की त्याला मारायचं, मुलीला नकाब वर करायला लावायचा आणि हे सगळं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तालुक्याच्या तालुक्यांत फिरलेला असतो. खाली 'माशाअल्लाह, अच्छा काम किए' असे शेरे असतात. पर्द्याच्या नावानं एका मुलीचा नकाब भर रस्त्यात उचलला जातो आणि हजारो परक्या पुरुषांना तिचा चेहरा दाखवला जातो, याला दीनचं, म्हणजे धर्माचं, काम म्हटलं जातं.

हेच काम दुसऱ्या बाजूचे लोकही दुसऱ्या घोषणा देऊन करतात, तेवढ्याच आवेशानं आणि बरेचदा जास्त बळानं. त्यांच्या घरातल्या लोकांनी त्यांच्याशी बोलायला हवं. मी माझ्या घरात बोलते आहे. माझं म्हणणं असं, की ही पाळत इस्लामच्या शिष्टाचाराचं रक्षण करत नाही, तो सरळ मोडते. आणि ही गोष्ट मशिदीच्या मिंबरवरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, नाव घेऊन, शुक्रवारी सांगितली गेली पाहिजे.

कुरआनातली चोविसावी सूरह (अध्याय), सूरह नूर, आपल्याकडे पर्द्याची सूरह म्हणून ओळखली जाते. पण ती पर्द्यापासून सुरू होत नाही. तिच्या मुळाशी एका स्त्रीबद्दल उठलेली अफवा आहे. बनू मुस्तलिक कबिल्यावरच्या मोहिमेहून परतताना पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांचा (रजि.) हार हरवला. त्या तो शोधायला मागं गेल्या. इकडे उंटावरचा हौदा उचलणाऱ्यांना वाटलं, त्या आतच आहेत. काफिला निघून गेला. आयेशा तिथंच बसून राहिल्या, कुणीतरी परत येईल म्हणून. मागून येणारे सफवान इब्न मुअत्तल यांनी त्यांना ओळखलं, आपला उंट बसवला, त्यांना वर बसवलं आणि स्वतः लगाम धरून पायी चालत काफिल्याला गाठलं. एवढंच घडलं होतं. एक तरुण स्त्री आणि एक परका पुरुष एकत्र येताना लोकांनी पाहिले, आणि मदिनेत महिनाभर कुजबुज चालली. वरवर मुसलमान म्हणवणाऱ्या अब्दुल्लाह इब्न उबैसारख्यांनी ती मुद्दाम पेटवली. काही साध्या, श्रद्धाळू माणसांनीही ती पुढं ढकलली. आयेशा आजारी होत्या. त्यांच्याविषयी काय बोललं जातंय हे त्यांना सगळ्यात शेवटी कळलं. कळल्यावर त्या रडून रडून झोपल्या नाहीत.

त्यानंतर ज्या आयती (कुरआनातली वचनं) आल्या, त्यांचा रोख कुणाकडे आहे ते नीट पाहा. आयेशांना निर्दोष ठरवलं गेलं, ते तर आहेच. पण प्रश्न विचारले गेले ते ऐकणाऱ्यांना. ऐकल्याबरोबर मोमिन, म्हणजे श्रद्धावंत, पुरुषांनी आणि स्त्रियांनी आपल्या माणसांबद्दल चांगलाच विचार का केला नाही? ज्याचं ज्ञान नव्हतं ते तोंडानं का बोलत राहिलात? तुम्हाला ती क्षुल्लक बाब वाटली, अल्लाहजवळ ती फार मोठी होती. श्रद्धावंतांमध्ये अश्लीलता पसरावी असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी या जगात आणि त्या जगातही यातना आहेत, असं एकोणिसावी आयत बजावते. पाकदामन (शीलवान) स्त्रीवर आळ घेणाऱ्यानं चार साक्षीदार आणले नाहीत, तर त्याला ऐंशी फटके आणि त्याची साक्ष पुन्हा कधीही ग्राह्य नाही, असा दंड त्याच सूरहच्या सुरुवातीला आहे. मला आजच्या काळात फटके नको आहेत. आपल्या देशात कायदा आहे, न्यायालयं आहेत. पण वजन कुठल्या पारड्यात टाकलंय ते तरी दिसावं. एका मुलीला एका मुलासोबत चहा पिताना पाहणं आणि त्यावरून तिची अब्रू काढणं, यात शिक्षेची भाषा आहे ती अब्रू काढणाऱ्यासाठी.

आणि मग सत्ताविसाव्या आयतीपासून शिष्टाचार सुरू होतो. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नका. 'परत जा' म्हटलं तर परत जा, त्यातच तुमची पाकी आहे. पुढं घरातल्या लहान मुलांनासुद्धा सांगितलंय, की पहाटेच्या फजरच्या नमाजआधी, दुपारच्या विसाव्याला आणि रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर आईबापांच्या खोलीत विचारून जा. तिसाव्या आयतीत नजर खाली ठेवण्याची आज्ञा येते, आणि ती पहिल्यांदा येते पुरुषांना. स्त्रियांना उद्देशून जे आहे ते त्याच्या नंतर. आमच्याकडच्या बयानांत, म्हणजे प्रवचनांत, स्त्रियांसाठीची एकतिसावी आयत इतक्या वेळा ऐकली आहे की ती पाठ झाली. तिसाव्या आयतीवर तितका वेळ कुणी थांबलेलं मला आठवत नाही.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, तर दारावर उभं कसं राहायचं इथपर्यंत तपशील आहे. पैगंबर (स.) कुणाच्या घरी गेले की दारासमोर तोंड करून उभे राहत नसत, उजव्या किंवा डाव्या बाजूला सरकून सलाम करत, म्हणजे दार उघडल्याबरोबर आतलं दिसू नये. तीनदा सलाम करूनही उत्तर आलं नाही तर परतायचं, रुसायचं नाही. एकदा एक माणूस त्यांच्या खोलीच्या भोकातून आत डोकावत होता. पैगंबरांच्या हातात केस विंचरण्याची काडी होती. ते म्हणाले, तू बघतो आहेस हे कळलं असतं तर ही तुझ्या डोळ्यात खुपसली असती. परवानगी मागायचा नियम नजरेसाठीच तर आहे. 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या हदीसच्या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. इतक्या सौम्य स्वभावाच्या माणसाच्या तोंडून इतके कडक शब्द फार थोड्या ठिकाणी आले आहेत. चोरून बघणाऱ्यासाठी ते आले.

मोबाइलचा कॅमेरा हे आजचं तेच भोक आहे. फरक इतकाच की त्यातून एकटा माणूस बघत नाही, गाव बघतं.

एकोणपन्नासाव्या सूरहत, सूरह हुजुरातमध्ये, अवघ्या अठरा आयती आहेत आणि समाजात कसं वागावं याचं जवळजवळ पूर्ण शास्त्र त्यात आलंय. बेभरवशाच्या माणसानं बातमी आणली तर आधी तपासा. एकमेकांची टिंगल करू नका, वाईट नावं ठेवू नका. संशय घेणं टाळा, काही संशय पापच असतात. 'वला तजस्ससू', पाळत ठेवू नका. पाठीमागं वाईट बोलू नका. मेलेल्या भावाचं मांस खायला तुम्हाला आवडेल का? हा क्रम मला नेहमी थक्क करतो. आधी संशय, मग पाळत, मग चघळणं. आजच्या एखाद्या व्हिडिओचा प्रवास याच पायऱ्यांनी होतो.

इथं एक नाव मुद्दाम घेते. जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौलाना अबुल आला मौदूदी १९०३ साली आपल्याच औरंगाबादेत जन्मले. त्यांच्या राजकीय विचारांशी माझे मतभेद आहेत, पण नरमाईचा आरोप त्यांच्यावर कुणी करणार नाही, म्हणूनच त्यांचं म्हणणं इथं कामाचं आहे. 'तफहीमुल कुरआन' या आपल्या कुरआनभाष्यात 'वला तजस्ससू'च्या आयतीवर लिहिताना ते स्पष्ट म्हणतात, की पाळतीची ही मनाई एकेकट्या माणसापुरती नाही, इस्लामी राज्यालाही ती लागू आहे. आणि मग हजरत उमर (रजि.) यांचा किस्सा देतात. खलीफा उमर रात्री गस्त घालत होते. एका घरातून गाण्याचा आवाज आला. संशय येऊन ते भिंतीवर चढले. आत दारू होती, एक स्त्री होती. उमर गरजले. तो माणूस म्हणाला, अमीरुल मोमिनीन, घाई करू नका; मी एक गुन्हा केला असेल तर तुम्ही तीन केलेत. अल्लाहनं पाळत ठेवू नका म्हटलं, तुम्ही ठेवलीत. घरात दारानं या म्हटलं, तुम्ही भिंतीवरून आलात. परवानगी घ्या म्हटलं, तुम्ही घेतली नाही. उमरनी आपली चूक मान्य केली, त्याला शिक्षा केली नाही, पुढं चांगलं वागण्याचं वचन तेवढं घेतलं. ज्याच्या नावानं सम्राट कापत, तो खलीफा एका दारू पिणाऱ्या माणसासमोर माघार घेतो. आणि इथं बारावी नापास झालेला, कुणीही नेमलेला नसलेला पोरगा एका मुलीचं ओळखपत्र तपासतो.

यावर उत्तर ठरलेलं असतं. 'वाईट दिसलं तर हातानं बदला, नाही जमलं तर जिभेनं, तेही नाही तर मनात वाईट माना' ही हदीस पुढं केली जाते. हदीस खरी आहे, सहीह मुस्लिममध्ये आहे. पण तिच्याभोवती हजार वर्षांचा विचार आहे, तो का सोडायचा? मध्ययुगातले थोर विद्वान इमाम गझालींनी 'इह्या' या आपल्या ग्रंथात अट घातली आहे, की जे वाईट रोखायचं ते पाळत न ठेवता आपोआप उघड झालेलं असलं पाहिजे. दार लावून आत बसलेल्याच्या भिंतीला कान लावायचा नाही. आणि एक मुलगा नि एक मुलगी रस्त्यानं बोलत चालले आहेत, यात नेमकं काय उघड झालं? ते वर्गमित्र असतील, एका दुकानात कामाला असतील, क्लासच्या नोट्स घेत असतील. नसतीलही. ते जाणून घ्यायचा अधिकार कुठून आला?

आणि चूक खरोखर घडलीच तर पैगंबरांची (स.) रीत काय होती, तेही ग्रंथांत आहे. एक तरुण त्यांच्याकडे आला आणि भरसभेत म्हणाला, मला व्यभिचाराची परवानगी द्या. लोक त्याच्यावर ओरडले. पैगंबरांनी त्याला जवळ बसवलं. तुझ्या आईसाठी हे चालेल का? बहिणीसाठी? तो नाही म्हणत गेला. मग त्याच्या अंगावर हात ठेवून त्यांनी त्याच्यासाठी दुआ केली. माइज नावाच्या माणसानं स्वतः येऊन गुन्हा कबूल केला, तेव्हा त्यांनी पुन्हा पुन्हा तोंड फिरवलं, तो निघून जावा म्हणून. नंतर ज्या हज्जालनं माइजला कबुलीसाठी पाठवलं होतं त्याला ते म्हणाले, तू त्याला आपल्या कपड्यानं झाकलं असतंस तर तुझ्यासाठी बरं झालं असतं. हजच्या प्रवासात फज्ल इब्न अब्बास, तरुण आणि देखणे, पैगंबरांच्या मागं उंटावर बसले होते. खसअम कबिल्याची एक सुंदर स्त्री प्रश्न विचारायला आली आणि फज्ल तिच्याकडे बघत राहिले. पैगंबरांनी हातानं फज्लचं तोंड दुसरीकडे वळवलं. त्या स्त्रीला जा म्हटलं नाही, तिचा प्रश्न अर्धवट ठेवला नाही. तिला उत्तर दिलं. 'हातानं बदला' याचा मला तरी यापेक्षा स्वच्छ नमुना माहीत नाही.

दोष झाकणं, ज्याला आपण पर्दापोशी म्हणतो, तो मराठवाड्याच्या मातीतला जुना संस्कार आहे. खुलताबादच्या टेकडीवर ज्या चिश्ती सूफींच्या कबरी आहेत, त्यांच्या खानकाहांत (मठांत) कोण आला, काल कुठं होता, हे विचारून आत घेत नसत. निजामुद्दीन औलियांची संभाषणं टिपून ठेवणारे अमीर हसन सिज्जी तिथंच चिरविश्रांती घेत आहेत. त्या दर्ग्यांवर आजही सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात, ती तलवारीच्या भयानं नव्हे. दारात कुणी आधार कार्ड मागत नव्हतं म्हणून.

आता दुसरा आक्षेप, आणि तो मी हलक्यात घेत नाही. आया मला विचारतात, 'मॅडम, जमाना खराब है, पोरगी फसली तर?' मी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, तिथं खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या मुली आहेत. कित्येकींच्या घरातल्या त्या पहिल्याच, दहावीच्या पुढं गेलेल्या. आयांची भीती खोटी नाही. मुली फसतात, सगळ्या धर्मांच्या मुलांकडून फसतात, आपल्याही. पण व्हिडिओनं त्यातली एकही वाचत नाही. व्हिडिओ आला की त्या मुलीचं बाकडं रिकामं होतं. टीसी न्यायला भाऊ येतो, तोंड पाडून. दोनेक महिन्यांत लग्न उरकलेलं असतं, मिळेल त्याच्याशी. आणि तिच्या गल्लीतल्या बाकीच्या मुलींचंही कॉलेज धोक्यात येतं, ज्यांचा त्या व्हिडिओशी काडीचा संबंध नाही. बीड आणि परभणी जिल्ह्यांत, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. हा आकडा सगळ्या समाजांचा मिळून आहे. ऊसतोड आहे, दुष्काळ आहे, हुंडा आहे, अब्रूची धास्ती आहे. त्या धास्तीत आपण आपल्या हातानं भर घालतो आहोत.

फसलेल्या मुलीला सगळ्यात जास्त गरज असते ती सांगता येईल अशा एका माणसाची. ज्या गल्लीत कॅमेरे फिरतात तिथं ती कुणाला सांगेल? धमकावणाऱ्या मुलापेक्षा तिला गल्लीचीच भीती जास्त वाटते, म्हणून ती गप्प राहते आणि धमकावणारा तिला अजून पिळतो. हे मी वर्गात, स्टाफरूममध्ये, मुलींच्या तोंडून ऐकलेलं आहे. पाळत फसवणाऱ्याला बळ देते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. ते आपल्या सगळ्यांवर बंधनकारक आहेच. पण जी पोरं अल्लाहचं नाव घेऊन गाडी आडवी घालतात, त्यांना कायद्याचं कलम सांगून फरक पडत नाही, त्यात त्यांना शहादतच (हौतात्म्यच) दिसते. त्यांना त्यांच्याच किताबातून थांबवायला हवं, आणि ते फक्त आलिम, म्हणजे धर्मपंडित, करू शकतात. मकतबमध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, मुलांना जेवणाची दुआ, प्रवासाची दुआ, शिंक आल्यावर काय म्हणायचं हे सगळं पाठ असतं. उजव्या हातानं खा, बसून पाणी प्या, आपल्या पुढ्यातलं घ्या. हे चांगलंच आहे, माझ्याही मुलांनी ते शिकलं. पण त्याच मुलांना बहिणीचा मोबाइल तिच्या परवानगीशिवाय उघडू नये हे कुणी शिकवत नाही. 'आईच्या खोलीत जातानाही विचारू का?' असं एकानं विचारलं तेव्हा पैगंबर (स.) 'हो' म्हणाले, ही हदीस 'मुअत्ता' या संग्रहात आहे. भाऊ मात्र बहिणीचं व्हॉट्सअॅप वाचणं हा आपला हक्क समजतो, आणि घर त्याला जबाबदार म्हणतं.

सहीह मुस्लिममध्ये दिवाळखोराची हदीस आहे. पैगंबरांनी (स.) विचारलं, दिवाळखोर कोण? लोक म्हणाले, ज्याच्याकडे दिरहम नाही, सामान नाही. ते म्हणाले, माझ्या उम्मतचा (अनुयायांतला) दिवाळखोर तो, जो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण यानं कुणाला शिवी दिलेली, कुणावर आळ घेतलेला, कुणाला मारलेलं असेल. त्याची पुण्यं त्या लोकांत वाटली जातील, आणि ती संपली की त्यांची पापं त्याच्या माथी येतील. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करतो. माणसाचा हक्क त्या माणसानंच माफ करावा लागतो. हे प्रत्येक मुसलमान मूल जाणतं. मग फॉरवर्ड करताना बोट का अडखळत नाही?

म्हणून मशिदीच्या कमिट्यांकडे आणि इमामसाहेबांकडे माझं मागणं आहे. एका जुम्याला (शुक्रवारी) सूरह नूरच्या तिसाव्या आयतीवर बयान करा, फक्त पुरुषांच्या नजरेवर. दुसऱ्या जुम्याला 'वला तजस्ससू'वर करा, आणि त्यात रस्त्यावर मुलींना अडवणाऱ्या पोरांचा उल्लेख आडून नको, सरळ करा. मोहल्ल्याच्या ग्रुपच्या अॅडमिननी असा व्हिडिओ आला की तो काढावा, टाकणाऱ्यालाही काढावं. जी मुलगी कॉलेजातून काढून घेतली गेली तिच्या घरी वस्तीतल्या चार मोठ्या माणसांनी जावं, दाराच्या बाजूला उभं राहून सलाम करावा, आणि बापाला सांगावं की तिला परत पाठव, आम्ही आहोत. आणि ज्यानं तो व्हिडिओ काढला त्यानं आधी तो पुसावा, जिथं जिथं पाठवला तिथं तिथं आपण गुन्हा केला असं लिहावं, आणि मग एखाद्या मोठ्या बाईच्या मार्फत त्या मुलीपर्यंत माफीचा निरोप पाठवावा. माफ करायचं की नाही हे तिनं ठरवायचं. इमामांनी नाही, कमिटीनं नाही, तिच्या वडिलांनीसुद्धा नाही.